लाईट गेली नव्हती

"मेन स्विच तुम्ही बंद करा," प्राचार्य म्हणाले.

भर दुपार. सेमिनार हॉलच्या बाहेर, जिन्यापाशी आम्ही दोघं उभे. आत सिनेमा चालू होता. दाराच्या फटीतून माझ्या आईचा आवाज बाहेर येत होता. आई आत मागच्या रांगेत गप्प बसली होती, बोलत होती ती पडद्यावरची आई. प्राचार्य काय सांगताहेत ते मला आधी कळलंच नाही.

"अध्यक्षसाहेबांचा निरोप आहे," ते म्हणाले. "पुढचं दिसता कामा नये. जा लवकर."

"मीच काहून, सर?" घाबरलो की माझ्या तोंडून गावचं निघतं.

प्राचार्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "दुसऱ्यानं बंद केला तर उद्या गोष्ट जातीवर जाईल. पोरं ओरडतील. पेपरात येईल. तुम्ही त्यांच्यातलेच. तुम्ही बंद केला तर लाईट गेली. एवढंच."

मग म्हणाले, "पुढच्या सत्राच्या तासिका अजून ठरायच्यात."

आयुष्यात मला कमी शिव्या बसलेल्या नाहीत. शाळेत बसल्या, वावरात बसल्या, एसटीच्या रांगेत बसल्या. पण प्राचार्य शिवी देत नव्हते. ते मला 'तुम्ही' म्हणत होते. आमच्या माणसाचं तोंड दाबायला त्यांना आमचाच हात हवा होता, आणि तो मिळणार याची त्यांना खात्री होती. त्या खात्रीचा अपमान मला आजही सोसत नाही.

खात्री खरी ठरली, हे तर त्याहून नाही.

मी या कॉलेजात मराठी शिकवतो. तासिका तत्त्वावर. म्हणजे दर सत्राला नव्यानं हात जोडायचे आणि सत्र संपेपर्यंत जोडलेलेच ठेवायचे. कार्यक्रमाच्या सतरंज्या, खुर्च्या, हार-नारळ आम्हा तासिकावाल्यांकडं. शेवटी आभारही आमच्याकडंच. माझे आभार कॉलेजात नावाजलेले. कुणाचं नाव गाळत नाही, कुणाचा मान चुकवत नाही.

सिनेमा आणला होता समाजशास्त्राच्या मॅडमनी. नव्या होत्या, कायम होत्या, त्यामुळं जरा ताठ होत्या. पुण्याच्या एका पोरीनं गावोगाव फिरून हा माहितीपट केलेला. माणसं सत्तेसमोर 'न्हाई' कशी म्हणतात, एवढाच विषय. कुठं धरणग्रस्त, कुठं साखर कारखान्यातले कामगार, कुठं विद्यार्थी. आणि शेवटी आमचं गाव.

आता आमच्याकडची रीत सांगतो. आमच्याकडं अध्यक्षाशिवाय कार्यक्रम होत नाही. साधं रोपटं लावायचं असलं तरी आधी अध्यक्ष लागतो, रोपटं मागून येतं. मॅडमनी परवानगीचा अर्ज दिला, ऑफिसनं त्यावर संस्थेच्या अध्यक्षांचं नाव टाकून दिलं. ऑफिसात सिनेमा कुणीच पाहिला नव्हता. बॅनर छापून आला. 'आवाज प्रतिकाराचा', आणि बाजूला अध्यक्षसाहेबांचा हात जोडलेला फोटो, अक्षरांपेक्षा मोठा. ज्याच्याविरुद्ध प्रतिकार झाला त्याचाच फोटो. मला हे दिसत होतं. मी बॅनरच्या दोऱ्या बांधल्या आणि गप्प बसलो.

कारण आमच्या गावातली ती गोष्ट घडली होती ती याच साहेबांच्या हळदीच्या वावरात.

आमच्या वस्तीतल्या बाया हळदीच्या मोसमात तिथं कामाला जातात. माझी माय त्यांची म्होरकी. दिवसभर मातीतून गड्डे काढायचे, हातानं फोडायचे, हळकुंडं वेगळी करायची. हात पिवळे होतात ते आंघोळीनंही सुटत नाहीत. वावरात पाण्याची एकच घागर. गावातल्या बाया आपल्या हातानं पाणी घेणार. आमच्या बायांनी ओंजळ धरायची आणि मुकादमानं वरून ओतायचं. आता जात कुठं राहिली, असं मला स्टाफरूममध्ये लोक विचारतात, तेव्हा मला ती घागर आठवते, आणि मी चहा पीत राहतो.

एक दिवस वस्तीतल्या एका नव्या सुनेनं स्वतःच ग्लास बुडवला. मुकादमानं सगळ्यांसमोर घागर उपडी केली आणि मातीनं घासली.  नुसता घासत राहिला. माय उठली. हातातला गड्डा खाली टाकला. तिच्यामागं सगळ्या बाया उठल्या आणि वस्तीत येऊन बसल्या. काढणीला आलेली हळद तशीच पडली. दुसरीकडून बाया आणायच्या म्हटलं तर मोसमात कुणाकडं रिकामी बाई असते? शेवटी साहेब स्वतः वस्तीत आले. पुण्याची पोरगी तेव्हा तिथंच राहत होती. तिचा कॅमेरा चालू होता.

मी नव्हतो. मी तालुक्याला खोली करून राहतो. मायला फोन करून एवढंच म्हणालो होतो, "जरा नमतं घे. मला त्यांच्याच कॉलेजात काम करायचंय." ती म्हणाली, "तू तुझं काम कर बापू. आमी आमचं करून राहिलो."

पुढं काय झालं ते मला तिनंच नंतर सांगितलं. मला एकट्याला नाही. हट्टा गावच्या बाजारात सांगितलं, पाव्हण्यांना सांगितलं. तिनं साहेबांना विचारलं होतं, "साहेब, आमच्या हातची हळद तुमी नवरदेवाच्या अंगाला लावता. मंग आमचा हात घागरीला काहून चालत न्हाई?" साहेब म्हणाले, "हळद आम्ही शिजवून घेतो." त्यावर माय म्हणाली, "मंग तुमी बी येकदा कढईत बसा न साहेब. चांगले शिजून निघा. मंग आमी तुमच्या हातचं पाणी पिऊ."

सगळी वस्ती हसली. साहेबांचा ड्रायव्हरसुद्धा हसला म्हणतात. साहेब गाडीत बसून गेले. पुढच्या आठवड्यात वावरात तोटीचा थंड पाण्याचा जार आला. ज्याला लागेल त्यानं तोटी फिरवावी. घागर गेली. जात जारामागं जाऊन बसली, पण घागर गेली, आणि ती या बायांनी घालवली.

हे सगळं पडद्यावर दिसणार होतं. मायनं तोवर एक तुकडाही पाहिलेला नव्हता. ती पोरगी म्हणाली होती, मावशी, मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावरच बघा. तेव्हापासून मायनं तेवढंच धरलं होतं. तिला बाकीचं काही नको होतं. आपण साहेबाला बोललो ते शिकलेल्या पोरांसमोर, त्यांच्याच कॉलेजात, एकदा मोठ्यानं वाजावं. बास.

ती वस्तीतल्या चार बाया घेऊन टमटमनं आली. ऐन हळदीत कामाचा खाडा करून. डोक्याला तेल, अंगावर ठेवणीतलं लुगडं. दारात प्राचार्यांनी मला विचारलं, "ह्या कोण?"

मी म्हणालो, "सिनेमातल्या बाया आहेत, सर. गावाकडच्या."

खोटं नव्हतं ते. पण माय माझ्याकडं बघत होती. आता आपली ओळख करून देईल म्हणून तिनं पदरही सारखा केला होता. मी तिला मागच्या रांगेत नेऊन बसवलं. पुढच्या खुर्च्या मोकळ्या होत्या.

साहेब नेहमीप्रमाणं उशिरा आले. त्यांचा सत्कार झाला, शाल घातली गेली, सिनेमा सुरू झाला. धरणग्रस्त झाले, कामगार झाले. साहेब मान डोलावत होते. लांबच्या लोकांचा प्रतिकार सगळ्यांना आवडतो. मग पडद्यावर हळदीचं वावर आलं, कडेची मोटरीची खोली आली, तिच्यावर त्यांच्या वडलांचं नाव. साहेबांची मान थांबली. घागरीची हकिगत सांगायला माय पडद्यावर आली तेव्हा ते प्राचार्यांच्या कानाला लागले. प्राचार्य उठले. जाता जाता मला बाहेर यायची खूण केली.

खटल्याची वगैरे साहेबांना भीती नव्हती. खटले त्यांनी पुष्कळ पचवलेत. त्यांना भीती होती पोरं हसतील याची.

जिन्याखाली बोर्ड आहे. मी खाली गेलो. कुणी ढकलत नव्हतं. प्राचार्य वरच्या पायरीवर उभे राहून माझ्याकडं नाही तर मोबाइलकडं बघत होते. माझ्या डोक्यात काय चाललं होतं, सांगू? मला लाज आठवत नाही, रागही नाही. मी हिशेब करत होतो की माय नंतर कधीतरी बघेल, मी तिला लॅपटॉपवर दाखवीन, आणि कुणाला काही कळणार नाही. आपला गळा आपणच कापताना माणूस किती समंजसपणे विचार करतो, ते मला त्या दिवशी कळलं.

वर आवाज ऐकू येत होता. "मंग साहेब आले वस्तीत," माय सांगत होती. "आमी म्हणलं, साहेब—"

मी खटका पाडला.

हॉलमध्ये 'होऽऽ' असा गलका झाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. कॉलेजचा लॅपटॉप वायरवरच चालायचा, तोही मेला. पडदे लावलेले, त्यामुळं आत अंधार. मी परत आलो तेव्हा मोबाइलच्या बॅटऱ्या लागत होत्या आणि मागच्या रांगेतून मायचा आवाज आला. ती शेजारच्या बायांना सांगत होती, "घाबरू नका गं. यील आत्ता लाईट. माहा पोरगा गेलाय बघाया."

मी दाराशीच थांबलो.  ती मला अंधारात शोधत असणार. तिच्या पोराचा तिला भरवसा होता, आणि त्या भरवशाचं मी काय केलं होतं ते माझ्या उजव्या हाताला माहीत होतं. आत्ता सांग, मी स्वतःला म्हणालो. सांगितलं नाही.

साहेब उठले. माइक नव्हता, पण त्यांना माइक लागत नाही. "मित्रांनो," ते म्हणाले, "विजेपुढं कुणाचं चालत नाही. सिनेमा राहिला, पण संघर्ष महत्त्वाचा. आज आपल्यात त्या संघर्षातल्या मायमाउल्या आल्यात. पुढं या, बाई."

माय पुढं गेली. पोरांनी मोबाइलचा उजेड तिच्यावर धरला. साहेबांनी तिला ओळखलं, मी त्यांचा चेहरा पाहिला. तरी त्यांनी स्वतःच्या अंगावरची शाल काढली आणि तिच्या खांद्यावर घातली. टाळ्या पडल्या. खच्चून टाळ्या. आपली शाल दुसऱ्याला देणारा माणूस मोठा, ही आमची रीत.

"तुमचं बोलणं आम्हाला ऐकायचं होतं," साहेब म्हणाले, "पण नाइलाज झाला."

वस्तीत या माणसासमोर ताठ उभी राहिलेली माझी माय. तिनं हात जोडले. म्हणाली, "थांबू की साहेब. लाईट काय, यील घडीभरात. आमाला घाई न्हाई. आज खाडाच हाय."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "पुढचा कार्यक्रम आहे मला. आभार घ्या."

तिनं त्याला हात जोडले होते. माझ्यामुळं. ज्या माणसाला ती एवढी हळद पडीक टाकून वाकली नव्हती, त्याच्यासमोर मी तिला वाकवलं होतं, आणि तिला ते माहीतसुद्धा नव्हतं. ते आठवलं की आजही जेवता जेवता माझा घास हातात राहतो.

प्राचार्यांनी मला खूण केली. मी पुढं जाऊन उभा राहिलो. सवयीनं सुरुवात झाली. "आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, ज्यांनी आपल्या अमूल्य वेळातून वेळ काढून..." साहेबांचे मानले. प्राचार्यांचे मानले. मॅडमचे मानले. पुढं विजेवर एक विनोद करायचा असतो, लाईट गेली की आम्ही सगळे करतो, वीज मंडळाचे विशेष आभार, पोरं हसतात, कार्यक्रम गोडीत संपतो. तो विनोद माझ्या तोंडात तयार होता. समोर माय ती शाल सावरत उभी होती आणि माझ्याकडं कौतुकानं बघत होती. पोरगा कसा बोलतो बघा, असं.

"लाईट गेलेली नाही," मी म्हणालो.

पुढचं मला नीट जमलं नाही. माझं शुद्ध मराठी कुठं गेलं कोण जाणे. "म्या बंद केली. खाली जाऊन. पुढं या बाईचं बोलणं होतं, साहेबांना बोललेलं. ते तुमाला दिसू नये म्हणून. मला सांगितलं, तुमी त्यांच्यातले, तुमी बंद करा. म्या केली. ही बाई माझी माय हाय."

एक पोरगं हसलं. बाकी कुणी नाही.

प्राचार्य म्हणाले, "सर, तुमची तब्येत बरी नाही. खाली बसा." साहेब शांतपणे उठले. जाताना माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाले, "तुझ्यासारखं पोरगं शिकलं याचा मला अभिमान होता रे." आणि गेले. त्यांच्यामागं पहिली रांग गेली. स्टाफ गेला. पोरांतलीही निम्मीअधिक गेली. राहिली ती काही खरी थांबली, काही तमाशा बघायला थांबली. मला त्यांची निवड करायची नव्हती.

मी जिना उतरलो आणि खटका वर केला. कुणी अडवलं नाही. अडवायची गरजच नव्हती, जे करायचं ते ते सत्र बदलताना करणार होते.

मॅडमनी सिनेमा पुन्हा लावला. कढईचं बोलणं आलं तेव्हा थांबलेली पोरं खदखदून हसली. मागची एक पोरगी तर उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. मी मायकडं बघितलं. ती पडद्याकडं बघतच नव्हती. शाल काढून तिची घडी घालत होती. चारही कोपरे जुळवून, नीट. घडी घालून झाली तशी तिनं ती साहेबांच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि बायांना म्हणाली, "चला गं."

"माय, सिनेमा—"

"ऐकला की. मला ठावं हाय म्या काय म्हणले ते."

मी तिच्यामागं फाटकापर्यंत गेलो. माफी मागितली. पुन्हा मागितली. टमटमवाला गिऱ्हाईक भरत होता. बाया बसल्या. माय चढली नाही. माझ्याकडं वळली. ओरडेल, एक मुस्काटात देईल, असं वाटलं. ते फार बरं झालं असतं.

"सांगितलंस ते बराबर केलंस," ती म्हणाली. "पर आधी केलं ते बी तूच. साहेबानं बंद केली असती तर म्या तिथंच उभं राहून भांडले असते. त्या बाबाला म्या भेत न्हाई. तुझ्यासंगं कसं भांडू? सांग मला. कसं भांडू?"

ती वर चढली. टमटम गेली.

ती माझ्याशी बोलत नाही असं नाही. फोन करते. जेवलास का विचारते. पण हट्ट्याच्या बाजारात ती आता कढईची गोष्ट सांगत नाही. बायांनीच सांगितलं मला. ती सांगायला लागली की पुढं सिनेमाचं निघतं, सिनेमाचं निघालं की लाईटचं निघतं, आणि मग माझं नाव. म्हणून ती सुरुवातच करत नाही. साहेबांना जे जमलं नाही ते मी करून दाखवलं. तिची गोष्ट बंद केली. मेन स्विच मी पुन्हा वर केला, पण ही बंद झालेली गोष्ट माझ्यानं पुन्हा चालू होत नाही. मित्र म्हणतात, शेवटी बोललास ना, हिंमत केलीस. मी त्यांना गप्प करतो. आधी हात घाण करून मग सगळ्यांसमोर धुतला, याला हिंमत म्हणत नाहीत.

पुढच्या सत्रात मला तासिका नव्हत्या. ते अपेक्षितच होतं. आता मी वारंगा फाट्याजवळच्या एका शिकवणीत शिकवतो. तिथल्या मालकानंही परवा बोलावलं. सहलीला आमच्या वस्तीतली दोन पोरं येणार होती, त्यांच्या जेवणाची सोय 'वेगळी बरी पडेल' म्हणाला. "तुम्हीच सांगा त्यांना, सर. तुमचं ऐकतील. आम्ही सांगितलं तर गैरसमज होतो."

तेच वाक्य, फक्त तोंड दुसरं. मला आता ते लांबूनच ओळखू येतं. आम्हाला दूर ठेवायचं असतं त्यांना, पण स्वतःचा हात नको असतो त्यात. म्हणून त्यांना आमच्यातला एखादा शिकलेला, जरा गोड बोलणारा, पोटाला भिणारा माणूस लागतो. मी तो माणूस होतो. चांगला होतो त्या कामाला.

"गैरसमज होऊ द्या," मी त्याला म्हणालो. "तुम्हाला पोरं वेगळी बसवायची असतील तर तुम्ही पुढं व्हा, त्यांच्या डोळ्यांत बघा आणि तुमच्या तोंडानं सांगा. मी शेजारी उभा राहून ऐकतो. मग त्यांना कळेल कुणाशी भांडायचं ते."

तो पुढं झाला नाही. उद्या मला काढेल, काढू दे. ज्याला आमचं तोंड दाबायचंय त्यानं स्वतःचा हात पुढं करावा, दिवसाउजेडी, पाचही बोटं दिसतील असा. माझा हात त्याला मिळणार नाही.